काठाचा मोह

मिशिगन सरोवराच्या किनाऱ्यावर टिम पेनिंग्ज नावाचे गणिताचे प्राध्यापक आपल्या एल्विस या कॉर्गी कुत्र्यासाठी पाण्यात तिरका चेंडू फेकायचे. एल्विस लगेच पाण्यात शिरत नसे. आधी वाळूवरून धावायचा आणि मग मध्येच वळून उडी घ्यायचा. पेनिंग्जनी मोजलं, तेव्हा त्याचा धावण्याचा वेग सेकंदाला ६.४ मीटर भरला आणि पोहण्याचा जेमतेम ०.९१. कमीत कमी वेळ लागेल अशी वाट त्यांनी कॅल्क्युलसने काढली, तर एल्विस बहुतेक वेळा तिच्या आसपासच सापडला. ‘कुत्र्यांना कॅल्क्युलस येतं का?’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा लेख २००३ साली आला आणि गाजला.

अमेरिकेतल्या एखाद्या रिट्रीव्हर-प्रशिक्षकाने मात्र तो वाचून कपाळावर हात मारला असता. हाच शहाणपणा कुत्र्याच्या डोक्यातून काढण्यात त्याची निम्मी हयात जाते.

रिट्रीव्हर म्हणजे शिकाऱ्याने पाडलेला पक्षी अलगद तोंडात धरून आणून देणारा कुत्रा. पुण्यामुंबईच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर लोळणारा लॅब्रडोर मूळचा याच कामाचा. अमेरिकेत लॅब्रडोरच्या ‘फील्ड ट्रायल’ स्पर्धा १९३१पासून होत आल्या आहेत. त्यात पक्षी कधी कधी ३०० यार्डांहूनही लांब पडतो आणि कुत्र्याने शक्यतो सरळ रेषेत जावं अशी अपेक्षा असते. वाटेत पाणी आलं तर वळसा न घालता पोहायचं. काठाने पळणाऱ्याला तिथली मंडळी सरळ ‘चीटर’ म्हणतात. म्हणजे आपला एल्विस लबाडच ठरला! या हट्टामागे कारण आहे. वळसा घेतला की दिशा हुकते, पक्षी कुठे पडला याची कुत्र्याच्या मनातली खूण पुसट होते, आणि जखमी बदक हाती न लागता फुकट मरतं. १९५९च्या ‘डक स्टॅम्प’ या सरकारी शिकार-तिकिटावर किंग बक हा विजेता लॅब्रडोर तोंडात बदक धरून झळकला, तोही रिट्रीव्हरमुळे शिकार वाया जात नाही असं सांगण्यासाठीच.

तर काठाने पळण्याचा हा मोह मोडायला तळं खोदतात, आणि त्यात मोह मुद्दाम पेरतात. गोल, गुळगुळीत काठाचं तळं इथे फारसं उपयोगी नाही. काठ आतबाहेर हवा. पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या जिभा, चिंचोळ्या खाड्या, एखादं बेट हवं. समजा, कुत्र्याची रेष एका जिभेच्या टोकाला चाटून जाते. पोहून दमलेल्या कुत्र्याला तिथे जमीन लागते. आता टोक ओलांडून पुन्हा पाण्यात उतरायचं, की कोरड्यावरून पुढे पळायचं? नवखा कुत्रा पळतो. शिट्टी वाजते, तो थबकून मागे बघतो, हँडलर, म्हणजे कुत्र्याला इशारे देणारा माणूस, हात आडवा करून त्याला पाण्याकडे वळवतो. काठ थेट समोर आला, तर पाण्यात शिरणं सोपं. रेष काठाला जवळजवळ समांतर असली, की खरी परीक्षा. त्यासाठी वेगळं लांबट, अरुंद तळंही करतात. तोंडात डमी, म्हणजे पक्ष्याऐवजी वापरायची नकली वस्तू, धरलेला कुत्रा काठाजवळ येतो आणि त्याला बाहेर न घेता, काठाकाठाने पोहत पुढे जायला लावतात. तळं अरुंद असल्याने चुकलेल्या कुत्र्यापर्यंत माणूस पटकन पोचतो.

खोलीही हिशेबाने ठरते. पाय टेकले की कुत्रा पोहणं सोडून चालू लागतो, शिवाय उथळ पाण्यात पाणवनस्पती माजतात. तरी कडा सौम्य उताराची हवी. आपल्याकडच्या प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेल्या जनावराला ओल्या, निसरड्या कागदावरून वर येता येत नाही. असलं तळं कुत्र्यांसाठी कामाचं नाही. म्हणून पाणी धरून ठेवणारी चिकण माती कुठे आहे, हे जागा घेण्याआधीच खड्डे घेऊन पाहतात. पाणथळ जागा आयती मिळाली म्हणून खुश होण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या पाणी-कायद्यानुसार अशा जागी भराव टाकायला लष्कराच्या अभियंता विभागाची परवानगी लागू शकते. पुढे उन्हाळ्यात निळं-हिरवं शेवाळ आलं, तर तळं बंदच ठेवावं लागतं, कारण त्याचं विष कुत्र्याचा जीव घेऊ शकतं.

कोरड्या मैदानाची आखणीही याच चालीची. आडवा उतार लागला की कुत्रा खाली घसरत जातो, उंच गवताला वळसा घालतो, वाऱ्यासोबत वाहवतो. म्हणून टेकाडं, चर, न कापलेल्या गवताचे पट्टे राखतात. उभं राहण्याच्या जागा ठरवताना सूर्य कुत्र्याच्या डोळ्यांवर येणार नाही हे बघतात. रंगाची गंमत तर औरच. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यामुळे गवतातली नारिंगी डमी माणसाला लांबून दिसते, त्याला नाही. जिथे त्याने केवळ हँडलरच्या इशाऱ्यावर जायचं, तिथे नारिंगी; जिथे पडताना बघून लक्षात ठेवायचं, तिथे पांढरी.

इतका खटाटोप करूनही एक अडचण उरते. काही काळात कुत्र्याला तळं पाठ होतं. मग तो रेष धरतो ती सवयीने, आणि अनोळखी पाणी समोर आलं की पुन्हा काठाने पळतो. यासाठी एकाच तळ्यावर चारी बाजूंनी सुरुवातीच्या जागा आखतात आणि कुत्रे गाडीत घालून दुसऱ्यांच्या तळ्यांवरही नेतात. अमेरिकेच्या उत्तरेतले कित्येक व्यावसायिक प्रशिक्षक तर पाणी गोठलं की सगळा काफिला घेऊन हिवाळाभर जॉर्जिया-टेक्ससकडे जातात.