सीमेपलीकडचा सोबती

नागरिकशास्त्र म्हटलं, की इतिहासाच्या पुस्तकाला मागे जोडलेला तो छोटा भाग आपल्याला आठवतो. हक्क आणि कर्तव्यं पाठ करायची, पेपरात लिहायची आणि विसरून जायचं. पण दुसऱ्या देशातल्या मुलांबरोबर काम करताकरता नागरिकत्व शिकता येईल का? आयर्लंडमधल्या शाळांनी हा प्रयोग पंधरा वर्षं केला.

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. दक्षिणेकडचा भाग पुढे स्वतंत्र प्रजासत्ताक झाला, उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे राहिलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षं तिथे हिंसाचार चालला. सुमारे साडेतीन हजार माणसं त्यात बळी पडली. १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ करारानं शांततेची वाट मोकळी झाली. पण मनातल्या भिंती करारानं पडत नाहीत. उत्तरेतली बहुसंख्य कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं आजही वेगवेगळ्या शाळांत जातात. मग सीमेपलीकडच्या मुलांशी ओळख कुठून व्हायची?

१९९९ साली ‘डिझॉल्व्हिंग बाउंडरीज’, म्हणजे ‘सीमा विरघळवणं’, या नावाचा उपक्रम सुरू झाला. दोन्हीकडच्या शिक्षण खात्यांनी पैसा दिला. उत्तरेतलं अल्स्टर आणि दक्षिणेतलं मेनूथ या विद्यापीठांनी तो चालवला. उत्तरेतल्या एका शाळेची जोडी दक्षिणेतल्या एका शाळेशी लावायची. दोन्हीकडच्या शिक्षकांनी आधी एकत्र बसून कामाचा विषय ठरवायचा. मग मुलांनी इंटरनेटवरून लेखन, चित्रं, माहिती एकमेकांना पाठवायची, व्हिडिओ कॉन्फरन्सवर बोलायचं आणि शक्य तेव्हा प्रत्यक्ष भेटायचं. विशेष मुलांच्या शाळाही यात होत्या.

यामागचा विचार जुना आहे. नुसत्या भेटीगाठींनी पूर्वग्रह जात नाहीत, असं गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलं होतं. दोन्ही गट बरोबरीच्या नात्यानं, एकाच उद्दिष्टासाठी, वरिष्ठांच्या पाठिंब्यानं काम करू लागले, तर मात्र ते कमी होतात.

समजा, दोन शाळा मिळून आपापल्या गावांचा इतिहास लिहीत आहेत. आपलं एखादं वाक्य पलीकडच्या मुलाला खटकलं, तर ते का खटकलं हे विचारावं लागतं. आपलं म्हणणं समजावून सांगावं लागतं, कधी वाक्य बदलावंही लागतं. उत्तर येईपर्यंत धीर धरावा लागतो. लोकशाहीत मोठ्या माणसांनाही हेच करावं लागतं, नाही का?

अर्थात, नुसते संगणक जोडून हे साधत नाही. नाव विचारलं, आवडता खेळ विचारला, की मुलांचं बोलणं संपतं. नेटानं चालणारं काम हवं, शिक्षकाला त्यासाठी वेळ हवा आणि सरकारचा आधारही हवा. हा उपक्रम २०१४ साली संपला. आज पडद्यावर भेटणं तेव्हापेक्षा कितीतरी सोपं झालं आहे. दोन देशांतल्या मुलांच्या हाती एकच काम देणं आणि ते तडीला नेणं मात्र अजूनही तितकंच अवघड आहे. ते शिक्षकालाच करावं लागतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)