काटा कुठं असतो, ते आधी बघा

२००६ साली मी एक वापरलेली जिप्सी घेतली. १३०० सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन. गाडीत काही खोट नव्हती, खोट माझ्या डोक्यात होती. रॅलीच्या गाड्यांचा आवाज कानात बसलेला. त्यामुळे कॅमशाफ्ट बदलायचा, असं मनानं घेतलं. विकणाऱ्याकडे तीन प्रकार होते: सौम्य, मधला आणि शर्यतीचा. मी अर्थातच शर्यतीचा उचलला. दोन महिन्यांनी आईला घेऊन कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो आणि आंबा घाटात माझी शिकवणी झाली.

घाटात ट्रकची रांग होती. मुंगीच्या पावलानं उतरणं चाललं होतं. घटकेघटकेला ब्रेक मारावा लागत होता. चार-पाच वेळा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं. हँडब्रेक ओढला, दोन्ही पायांनी जोर दिला, तेव्हा कुठं पुढच्या ट्रकच्या फळीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. आई काही बोलली नाही. तिनं फक्त पदर सारखा केला.

हे का झालं, ते समजायला कॅमशाफ्टचं काम समजून घ्यायला हवं. या दांड्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की ते व्हॉल्व्ह उघडतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक होतो. इंजिन ६००० फेऱ्यांवर असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा ढकलायला कुणी नसतं. सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत मोजावा, एवढ्या वेळात बाहेरच्या हवेच्या दाबावर सिलिंडर भरावा लागतो. म्हणून शर्यतीचा कॅम व्हॉल्व्ह जास्त उचलतो आणि जास्त वेळ उघडा ठेवतो.

पण हीच सोय कमी फेऱ्यांवर गैरसोय होते. पिस्टन वर येऊ लागला तरी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडाच असतो. आत आलेलं मिश्रण आल्या वाटेनं परत जातं. शिवाय आत घेणारा आणि धूर सोडणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकदम उघडे राहतात. याला ओव्हरलॅप म्हणतात. तो वाढला की जळलेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो, आयडलिंग अडखळतं आणि इंजिनातला व्हॅक्यूम कमी होतो. ब्रेकचा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. आयडलिंगवर रांगताना माझा बूस्टर भरतच नव्हता. परतीच्या चढावर दुसरा धडा मिळाला. दोन हजार फेऱ्यांवर गाडीत दमच नव्हता.

परत आल्यावर आमच्या मिस्त्रीकाकांनी एकच प्रश्न विचारला, “दिवसभर तुझा काटा कुठं असतो रे?” बहुतेक वेळ दोन ते साडेतीन हजारांवर. “आणि तू कॅम आणलास सहा हजारांच्या वरचा!”

सगळं मर्म इथं आहे. नुसता कॅम बदलून ताकद फुकटात वाढत नाही, ती प्रामुख्यानं सरकते. वर मिळवायची तर खाली सोडावी लागते. म्हणून आधी आठवडाभर आपला काटा पाहा. गाडीचं वजन, टायरचा आकार आणि गिअर यांचाही विचार करा. जड गाडी, मोठे टायर आणि घाटाचे रस्ते असतील, तर सौम्यच कॅम घ्यावा.

मग आकडे वाचा. किती अंश उघडा, हा आकडा व्हॉल्व्हच्या किती उचलीपासून मोजला आहे, ते विचारा. कुणी उचल सुरू होताच मोजतो, कुणी एक मिलिमीटर उचलल्यानंतर. पहिल्या पद्धतीत तोच कॅम मोठा दिसतो. वेगवेगळ्या मापांची तुलना करू नका. दोन उंचवट्यांच्या मध्यांमधला कोनही विचारा. तो साधारण ११० ते ११४ अंश असला की आयडलिंग शांत राहतं. कमी झाला की ओव्हरलॅप वाढतो. एकाच कॅमशाफ्टच्या इंजिनात हा कोन घडवतानाच ठरतो, नंतर बदलता येत नाही.

उचल वाढली की स्प्रिंग तपासा. पूर्ण उघडताना तिचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली माती ठेवून हेड बसवा, टायमिंग लावा, क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवा आणि हेड उतरवून दबलेली माती मोजा. दोन मिलिमीटरही उरत नसेल, तर पुढं जाऊ नका. व्हॉल्व्ह पिस्टनला लागला तर इंजिन गेलंच म्हणून समजा. काही इंजिनांत संगणक व्हॅक्यूमवरून हवेचा अंदाज घेतो. तिथं पेट्रोलचं गणितही नव्यानं बसवावं लागतं, नाहीतर धूर वाढतो आणि पीयूसी मिळत नाही.

कायद्याचंही भान हवं. नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. शर्यतीचा कॅम शर्यतीच्या ट्रॅकवरच शोभतो.

मी मूळ कॅम परत बसवला. पुढच्या वेळी घाटात आई निवांत झोपली. गाडी सुधारल्याची याहून चांगली पावती मला कुठल्या यंत्रानं दिली नसती.