गर्दी टिपणारी दोन भिंगं

वरळी सी-फेसच्या कठड्याजवळ उभं राहून आधी एक डोळा मिटावा, मग दुसरा. कठडा जागचा सरकल्यासारखा वाटतो. सागरी सेतूच्या तारा मात्र ढिम्म हलत नाहीत. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण ६.३ सेंटिमीटर अंतर असतं. दोन मीटरवरची वस्तू त्यांना १.८ अंशांच्या फरकानं दिसते. एक किलोमीटरवर तो फरक पाचशे पटींनी घटतो. मेंदू या फरकातूनही खोली जोखतो, हे शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्ये, प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवणाऱ्या आरशांच्या स्टिरिओस्कोपमधून दाखवलं. फोटोग्राफी जगासमोर आली ती त्यानंतर, १८३९ मध्ये!

हा फरक जवळच्या वस्तूंत ठळक असतो, म्हणूनच स्टिरिओ छायाचित्राला, म्हणजे दोन डोळ्यांसाठी शेजारी-शेजारी लावलेल्या दोन फोटोंच्या कार्डाला, मोकळ्या समुद्रापेक्षा गजबजलेला रस्ता मानवतो. जवळचा पाटीवाला, त्यामागची बैलगाडी, पलीकडची ट्राम असा प्रत्येक जण आपापल्या अंतरावर सुटा उभा राहतो.

पण रस्ता थांबत नाही. एकाच भिंगाचा कॅमेरा सरकवून दोन फोटो घेतले, तर तेवढ्यात पाटीवाला पुढे गेलेला असतो. दोन भिंगं एकाच क्षणी उघडणारा कॅमेरा हवा होता. अशा कॅमेऱ्यांची भिंगं आखूड नाभीय अंतराची असत. त्यामुळे काचेवर प्रतिमा लहान पडे, चालत्या माणसाची सरकही कमी उमटे आणि फोटो कमी वेळात निघे. छायाचित्रकार एडवर्ड अँथनीनं १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेची वर्दळ अशीच पकडली. त्याआधीच्या कित्येक फोटोंत हलती माणसं पुसली जाऊन रस्ते ओस दिसत.

मुंबईची गर्दीही या कार्डांवर आली. अमेरिकेच्या अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शंभर चित्रांचा भारत-संच विकला. छायाचित्रकार होता जेम्स रिकल्टन, पूर्वाश्रमीचा शाळामास्तर. सोबतच्या नकाशांवर कॅमेऱ्याची जागा आणि नजरेची दिशा रेघांनी दाखवलेली असे. कंपनीच्या मुंबई-चित्रांत भेंडीबाजारचा रस्ताही आहे. हा माल परदेशी दिवाणखान्यांसाठी होता आणि मथळ्यांत नवलाईचा सूर होता. पण भिंगांनी वाटसरूंनाही बारकाईनं टिपलं.

कार्डावर ट्राम दिसली तर काळही ताडता येतो. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ ते १९०५ धावली, विजेची १९०७ मध्ये आली.

आज पुस्तकांत अशा जोडचित्राचा बहुधा एकच अर्धा भाग छापतात. तसं करू नये. संग्रहालयांनी आणि प्रकाशकांनी दोन्ही भाग शेजारी-शेजारी, मूळ क्रमानं द्यावेत. डावा-उजवा बदलला, तर मागचं पुढे आणि पुढचं मागे दिसू लागतं.