वर्गाला काय कळले, हे कळण्यासाठी

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा करताना त्यातील वीस आठवडे शाळेतील अनुभवासाठी राखून ठेवले, आणि त्यामुळे आंतरवासिता, म्हणजे अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली वर्ग सांभाळत शिकण्याचा काळ, हा शिक्षक घडण्याच्या प्रक्रियेचा गाभा ठरला. या काळातील पाठ टाचणांत ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यामध्ये तक्ते आणि प्रतिकृतींच्या शेजारी आता प्रोजेक्टर, स्पर्शाने चालणारा डिजिटल फळा आणि मोबाइलवरील प्रश्नमंजुषा यांचीही नोंद दिसते. मात्र मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकाला पडदा मुलांच्या चेहऱ्यांपेक्षा अधिक स्पष्ट दिसतो, आणि देखणा पाठ हाच चांगला पाठ, असा समज छात्राध्यापकाच्या मनात रुजण्यास तेवढे पुरेसे असते. वस्तुतः मुलांच्या उत्तरांमुळे शिक्षकाचे पुढचे वाक्य बदलले, तरच वर्गात आंतरक्रिया घडली असे म्हणता येते.

या दृष्टीने ‘प्लिकर्स’ हे साधे साधन विचारात घेण्यासारखे आहे. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळ्या आकृतीचे एक छापील कार्ड दिले जाते. कार्डाच्या चार कडांवर चार पर्यायांची अक्षरे बारीक छापलेली असतात आणि निवडलेल्या पर्यायाची कड वर येईल अशा रीतीने विद्यार्थी ते उंच धरतो. शिक्षकाने मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी कोणते उत्तर दिले याची नोंद होते. मुलांच्या हाती उपकरण लागत नाही, आणि आकृतीवरून शेजाऱ्याचे उत्तर सहज ओळखता येत नसल्यामुळे एरवी हात वर न करणारे मूलही मत नोंदवते.

परंतु साधनाची खरी परीक्षा प्रश्नाच्या रचनेत होते. सहावीच्या वर्गात ‘०.४, ०.६५ आणि ०.१२३ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती?’ असे विचारल्यास ०.१२३ निवडणारे मूल दशांश चिन्हापुढील अंकांना पूर्ण संख्या समजते, आणि वर्गात ‘पॉइंट एकशे तेवीस’ असे वाचन होत असेल तर तो समज अधिकच पक्का होतो, ०.४ निवडणारे मूल मात्र सहस्रांश हे दशांशापेक्षा लहान असतात एवढे बरोबर लक्षात ठेवून, जितके अंक कमी तितकी संख्या मोठी, असा चुकीचा नियम बनवते. हाच प्रश्न ०.६, ०.४५ आणि ०.१२३ या संख्यांवर विचारला असता, तर या दुसऱ्या मुलाचे उत्तर बरोबर आले असते आणि त्याची अडचण झाकली गेली असती. चुकीचा प्रत्येक पर्याय एखाद्या ठरावीक गैरसमजाचा निदर्शक असावा, हे कौशल्य कोणतेही ॲप शिकवत नाही. त्यासाठी मुलांच्या वह्याच तपासाव्या लागतात.

उत्तरे हाती आल्यावर काय करायचे, याची एक पद्धत हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून विकसित केली. सहाध्यायी अध्यापन या नावाने ओळखता येईल अशा या पद्धतीत प्रत्येक जण आधी स्वतंत्रपणे उत्तर देतो. बरोबर उत्तरांचे प्रमाण साधारणतः तीस ते सत्तर टक्क्यांदरम्यान असेल, तर शिक्षक उत्तर न सांगता विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी चर्चा करायला लावतो आणि पुन्हा मत घेतो. नवख्या शिक्षकाला येथेच मोह आवरत नाही, कारण तासिका संपत आलेली असते आणि बरोबर उत्तर ओठांवर असते. शिवाय दुसऱ्या फेरीत अनेक मुले हुशार शेजाऱ्यामागे जातात, म्हणून उत्तर बदललेल्यांना कारण विचारणे आवश्यक ठरते.

कॅनडातील नॅथॅनिएल लॅस्री यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही पद्धत बटणाच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाने राबवली काय किंवा साध्या कार्डांनी राबवली काय, विद्यार्थ्यांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नव्हता. वीज वा नेटवर्क बेभरवशाचे असलेल्या शाळेत त्यामुळे बोटांनी पर्याय दाखवूनही हे काम भागते, मात्र त्यात नोंद उरत नाही. आंतरवासितेतील छात्राध्यापकाला याच नोंदीचा सर्वाधिक उपयोग होतो. संध्याकाळी ती उघडून ०.४ निवडणारी मुले कोणती हे पाहता येते, आणि दुसऱ्या दिवशीच्या टाचणात त्यांच्यासाठी शतांशाची चौकट रंगवण्याचे काम लिहिता येते.