शब्द पक्का होतो तो आठवताना

इंग्रजी शब्दांची यादी पुन्हा पुन्हा वाचली की ती पाठ झाल्यासारखी वाटते. फसगत तिथेच होते. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्दांचे इंग्रजी अर्थ शिकवले होते. शब्द एकदा जमल्यावरही जे अर्थ आठवून पाहत राहिले, त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के अर्थ सांगता आले. जे नुसतेच वाचत राहिले, त्यांना जेमतेम ३५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून वहीतला अर्थाचा रकाना तळहाताने झाका, अडलात तरी थोडं थांबा, मगच हात उचला. सुट्या अर्थांनी भाषा येत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. शब्दाची संगत वाचनातूनच कळते. पण दर ओळीत दोन-तीन शब्द अनोळखी असतील, तर ते वाचन सुरूच कसं होणार?