संकेतस्थळांची घडण : सुटे घटक, जुळलेले पान

ज्यास आपण सातबारा म्हणतो तो मुळात एक नमुना नसून दोन नमुन्यांचा जोड आहे. गाव नमुना ७ मध्ये जमिनीवरील अधिकारांची नोंद असते आणि गाव नमुना १२ मध्ये पिकांची. दोन्ही आपापल्या जागी पूर्ण आहेत. एकत्र मांडले की शेतकऱ्यास हवा तो उतारा सिद्ध होतो. संकेतस्थळांवरील अर्ज व पाने आज ज्या पद्धतीने बांधली जातात, तिचे मर्म या उदाहरणात आहे.

प्रारंभी प्रत्येक पान अखंड लिहिले जाई. १९९५ साली नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली आणि भरलेल्या रकान्याची तपासणी वाचकाच्या संगणकावरच होऊ लागली. पुढे पाने मोठी झाली, तसा गुंताही वाढला. एक रकाना बदलला तर पानावर आणखी काय काय बदलावयास हवे, हे सारे प्रोग्रॅम लिहिणारास ध्यानात ठेवावे लागे. फेसबुकमधील अभियंते जॉर्डन वॉक यांनी यावर उपाय म्हणून रिअॅक्ट हे साधन निर्माण केले व मे २०१३ मध्ये ते सर्वांस खुले झाले. (त्याचे निर्माते त्यास फ्रेमवर्क न म्हणता लायब्ररी म्हणतात, सामान्य वाचकाचे या भेदावाचून अडत नाही.)

रिअॅक्टमध्ये पान लहान लहान घटकांचे बनते. जिल्हा, तालुका व गाव निवडण्याची चौकट हा असा एक घटक समजू. त्यास बाहेरून जिल्ह्यांची यादी व शीर्षक पुरविले जाते. अर्जदाराने कोणता जिल्हा निवडला हे तो स्वतःजवळ लक्षात ठेवतो आणि अखेरीस निवडलेले गाव ज्या अर्जात तो बसविला आहे त्यास कळवितो. बाहेरून मिळालेली माहिती घटकाने परस्पर बदलावयाची नसते. बदल हवा असल्यास वरच्या घटकास कळवावयाचे असते. कचेरीच्या शिस्तीशी परिचित असलेल्यांस हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. जिल्हा बदलला की चौकट कशी दिसावयास हवी याचा हिशेब रिअॅक्ट नव्याने करते, पूर्वीच्या मांडणीशी तो ताडून पाहते आणि जेवढा फरक पडला तेवढाच भाग पडद्यावर बदलते. तीच चौकट शिष्यवृत्तीच्या अर्जात बसते, रहिवास दाखल्याच्या अर्जातही बसते.

याचे महत्त्व प्रशासनास विशेष आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि राज्यातील जिल्ह्यांची संख्या ३६ झाली. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव ही नावे आली. चाळीस अर्जांत यादी चाळीस वेळा लिहिलेली असेल तर ती चाळीस ठिकाणी दुरुस्त करावी लागते, आणि एखादे ठिकाण राहून जाते. त्या एका अर्जापुढे बसलेल्या नागरिकास आपला जिल्हाच सापडत नाही! यादी एकाच घटकात असेल तर दुरुस्ती एकदाच होते. तो घटक वापरणारे अर्ज नव्याने प्रसिद्ध केले की काम संपते.

मात्र गुण जसा सर्वत्र पोचतो तसा दोषही पोचतो. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने आपला अवघ्या ११ ओळींचा प्रोग्रॅम एनपीएम या सार्वजनिक भांडारातून काढून घेतला. मजकुराच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. परंतु त्यावर अप्रत्यक्षपणे विसंबून असलेले असंख्य प्रकल्प जगभर अडून बसले. भांडाराने तो परत ठेवला तेव्हा कामे सुरळीत झाली. तेव्हा कोणते घटक बाहेरून घेतले, त्यांची कोणती आवृत्ती वापरली आणि त्यांची निगा कोण राखणार, याची नोंद काम देणाऱ्या खात्याने मागितलीच पाहिजे.

याहून नित्याची अडचण नावाच्या रकान्याची आहे. ‘केवळ अक्षरे स्वीकारावीत’ असा नियम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घातला जातो. युनिकोड या संकेतप्रणालीत मात्र काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही अक्षरे नसून चिन्हे गणली जातात. परिणामी ‘कमल’ हे नाव स्वीकारले जाते व ‘ज्ञानेश्वर’ नाकारले जाते. हा रकाना सामाईक घटक असेल तर प्रत्येक अर्जात तेच घडते. अंध व्यक्ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या साह्याने अर्ज भरतात. घटकास शीर्षक नीट जोडलेले नसेल तर रकाना कशाचा आहे हे त्यांना कळतच नाही, आणि तेही सर्व अर्जांत.

म्हणून असे घटक स्वीकारण्यापूर्वी त्यांची परीक्षा गावात व्हावी हे इष्ट. शाळेतील शिक्षकांनी वा पंचायत सदस्यांनी साध्या मोबाइलवर, देवनागरी कळफलकाने, अर्ध्या तासात ती करता येते. आडनाव नसलेल्या व्यक्तीचे नाव, ‘कऱ्हाड’सारखे गावाचे नाव, देवनागरी अंकांत लिहिलेली जन्मतारीख अशा नोंदी भरून पाहाव्यात, आणि रकान्याने जे नाकारले ते लिहून कळवावे.