विश्लेषण : चॅट लपवले, तर तो धोका का?

बडनेरा जंक्शनवरून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत शिक्षणासाठी, नोकरीसाठी घर सोडणारे वऱ्हाडातील तरुण-तरुणी नेहमीच असतात. एक जण पुण्यात, दुसरा अमरावतीत, असे नाते मोबाइलवरच चालते आणि संशयही तिथेच वाढतो. मात्र ‘धोका’ कशाला म्हणायचे, याचे उत्तर तरुण, घरचे आणि कायदा वेगवेगळे देतात.

तरुणांच्या लेखी धोका म्हणजे काय?

शारीरिक संबंध ही आता एकमेव कसोटी उरलेली नाही. जुन्या मित्राशी रात्री उशिरापर्यंत बोलणे आणि ते चॅट पुसून टाकणे, नाते चारचौघांत नाकारणे, घरी लग्नाची बोलणी सुरू असल्याचे न सांगणे, हेही अनेकांना धोका वाटते. यात कृतीपेक्षा लपवणे अधिक लागते.

घरच्यांची व्याख्या कोणती?

अनेक घरांत विश्वास म्हणजे मुलीने आईवडिलांच्या शब्दाबाहेर न जाणे. फेब्रुवारी २०२० मध्ये चांदूर रेल्वे येथील महिला महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींना व्हॅलेंटाइन डेच्या तोंडावर शपथ देण्यात आली. आईवडिलांवर विश्वास असल्याने प्रेमविवाह करणार नाही आणि हुंडा घेणाऱ्याशीही लग्न करणार नाही, असा तिचा आशय होता. हिंगणघाटच्या प्राध्यापिकेच्या जळीतकांडाने तेव्हा विदर्भ हादरला होता. तरीही शपथ मुलींनाच का, मुलांना का नाही, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला.

कायदा काय म्हणतो?

व्यभिचाराला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. पत्नीला पतीची मालमत्ता मानणारे हे कलम घटनाबाह्य ठरले. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण मात्र आजही आहे. अविवाहितांच्या नात्यात तिसऱ्या व्यक्तीशी जवळीक हा गुन्हा नाही.

लग्नाचे वचन मोडले तर?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार, पाळण्याचा हेतू नसताना लग्नाचे वचन देऊन स्त्रीशी शरीरसंबंध ठेवल्यास दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. येथे हेतू महत्त्वाचा. महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच खोटे वचन आणि वचनभंग यांत फरक केला होता. मनापासून दिलेले वचन पुढे पाळता आले नाही, एवढ्याने गुन्हा होत नाही.

मोबाइल तपासल्याने विश्वास वाढतो का?

पासवर्ड किंवा लाइव्ह लोकेशन मागणे काहींना प्रेमाची खूण वाटते, काहींना पाळत. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीतील गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरले. मात्र जोडीदारावर पाळत ठेवण्याची वेळ येणे हेच नाते तुटल्याचे लक्षण असल्याचेही म्हटले.

म्हणजे पुरावा खटल्यात कामी येतो, नात्यात नाही. काय सांगायचे, काय खासगी ठेवायचे आणि जुन्या मैत्रीची मर्यादा कोणती, हे दोघांनी आधीच बोलून घेतलेले बरे. न ठरलेला नियम मोडल्याचा आळ दोघांनाही जड जातो.